राजा विसरतो तो प्रवेश

सर, तुमचं ते जुनं व्यंगचित्र आज मी फ्रेम करून आणलं. थोड्या वेळाने ते घेऊन जतला निघायचं आहे.

दहावीच्या निकालादिवशी तुम्हीच ते मला दिलंत, सांगलीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा मासिकाचं पिवळं पान. दरबार भरलाय, सिंहासनावर हॅट घातलेला गोरा साहेब, पुढे फाटक्या लुगड्यातली रयत आपलं रिकामं बोट दाखवते आहे. खुणेची अंगठी हरवल्यामुळे राजा आपल्याच बायकोला ओळखत नाही, तो नाटकातला प्रवेश. तेव्हाच्या लोकांना तो बघताक्षणी कळायचा, आणि सरकारने दरडावलं तर चित्रकार म्हणायचा, छे, हे तर नाटक! त्याआधी नववीत, ते चित्रकलेच्या खोलीत लावलेलं असताना, मी त्याची नक्कल केली, साहेबाला सुळे काढले आणि खाली 'दुष्ट सरकार' असं लिहिलं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर ते सुळे खोडरबराने घासून काढलेत. "अगं, हा राक्षस न्हाई. हा विसरलाय. विसरलेला माणूस काढ, तो जास्त लागतो. आणि खाली लिहायचंच होतं तर चित्र कशाला काढलंस?" मी घरी जाऊन रडले. त्यानंतर मी एकाही चित्राखाली अक्षर लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात तोच प्रवेश मी पेपरात पुन्हा काढला. सिंहासनावर आमचे पुढारी, डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर खरंखुरं कोडं. पुढे जतकडची बाई, कडेवर रिकामी घागर, बोट पुढे केलेलं, त्यावरची मतदानाची शाई पुसून गेलेली. टँकर चालू ठेवायचा शब्द दिला होता त्यांनी. मतं पडली आणि टँकर बंद झाले. आता धमकीचा फोन येणार म्हणून मी धास्तावून बसले. फोन आला, पण खुद्द त्यांचा. "ताई, लय भारी काढलंय! आमाला डायरेक्ट राजाच केलंसा की!" त्यांनी चित्राचा फ्लेक्स करून वाढदिवसाला जतच्या चौकात लावलाय, आणि आज त्याच्याखाली माझा सत्कार. संपादक म्हणतात, "शाल घ्या, नमस्कार करा आणि गप्प या. बोललात तर तुमचं सदर मला वाचवता येणार नाही." त्या सदरावर माझं घर चालतं, सर.

परवा मी चौकात जाऊन फ्लेक्स पाहत उभी होते. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई शेजारी थांबली. "ही आमच्यातलीच हाय नव्हं? मग तिला ह्येच्या वाढदिवसाला कशाला हुबं केलंय?" तिथं उभ्या उभ्या मला तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमच्या त्या चित्रकाराच्या काळच्या लोकांना नाटकं पाठ होती. इथं राजा विसरतो हे कुणाला ठाऊक आहे?

म्हणून ठरवलं, शाल घ्यायची आणि स्टेजवरच परतभेट म्हणून तुमचं पान त्यांच्या हातात द्यायचं. आपल्या जागी हॅटवाला साहेब बसलेला दिसला तर कळेल त्यांना. कदाचित हसून तेही भिंतीवर लावतील. मग काय करायचं, मला माहीत नाही.

गाडी दारात आली आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. एक सांगायचं राहिलं. फ्रेमवाल्याने विचारलं, "खाली काय लिहायचं हाय का?" मी नको म्हणाले, दुकानाची पायरी उतरले आणि परत वर गेले. सर, तुमच्या चित्राखाली मी माझ्या हाताने दोन शब्द लिहिले आहेत: 'ओळखलंत का?'