डब्यांची ओळ

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार

प्राध्यापक मेला. दोन पानांत. यानाचं दार फाटलं, हवा गेली, कानांतून रक्त आलं आणि कप्तान राऊळच्या हातातून त्याचा हात सुटला. पाच वर्षं सोबत होता तो राऊळच्या. वाईट वाटायला हवं होतं. पाकीट डकवलं आणि चहा केला.

संध्याकाळी पुण्याहून उल्हासचा फोन. संपादक झाल्यापासून त्याला घाई फार. "सुनंदाताई, आता राऊळला नवा सोबती द्या. बाई चालेल. जानेवारीत आणा, मार्चमध्ये मारा. राऊळ पेटला पाहिजे." वीस तारखेच्या आत भाग हवा.

सतरा वर्षांत हा तिसरा सोबती. आणायचा, वाचकांना लळा लावायचा, मारायचा. हात बसलाय.

८ नोव्हेंबर

तीन बायका लिहिल्या, तिन्ही खोडल्या. एक डॉक्टर, एक वैमानिक, एक राजकन्या. तिघींच्या अंगाला मुखपृष्ठाच्या रंगाचा वास.

सातच्या सुमारास भिंतीपलीकडे नागोजी सुरू. यशवंतपूरच्या कारखान्यात फोरमन आहे. येतो, हातपाय धुतो, आणि मग. आज काहीतरी भिंतीवर आदळलं — माझ्या फडताळातले कप हलले. टाइपरायटर ओढला आणि कालचीच पानं पुन्हा टंकली. त्या यंत्राचा आवाज पुरतो. अकरा वर्षं पुरलाय.

१० नोव्हेंबर

दुपारी भाग्यलक्ष्मी आली, नागोजीची बायको. ओठ फुटलेला. चटणीची वाटी परत द्यायचं निमित्त.

"नवं माणूस मिळालं का अक्का, राऊळला?"

नाही म्हणाले. "छापून यायला किती दिवस लागतात?" दीड-दोन महिने, म्हणाले. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, गल्लीच्या वाचनात ऐकाल तुम्ही सगळे. तिनं बोटांवर मोजलं. शाळा कन्नड, बोलते मराठी, पण मराठी अक्षर वाचता येत नाही. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचं तेच.

मग आपण होऊनच सांगू लागली. तो मारतो तेव्हा ती त्याच्याकडे बघत नाही. फळीवरच्या डब्यांकडे बघते. डावीकडून उजवीकडे. तूर, उडीद, हुरळी, रागी, अवरे — शेवटची तीन म्हणजे आपले हुलगे, नाचणी, पावटे. ओळ संपली की पुन्हा तूर. "परवा सोळा फेऱ्या झाल्या."

"पिराजीला सांगितलंस?" पिराजी तिचा थोरला भाऊ, आनेकल गावी शेती करतो.

"अण्णा म्हणतो, आपल्यातली चार माणसं माझ्यासमोर बोलू देत, त्याच दिवशी घेऊन जातो. एकटीच्या शब्दावर बहीण उठवून आणली तर आनेकलात तोंड कसं दाखवू? आणि इथलं कोण बोलणार अक्का? भिंती आहेत ना सगळ्यांना."

ती गेली आणि मी टाइपरायटरला कागद लावला.

११ नोव्हेंबर

मिळाली. तारिणी. एका मोडक्या अंतराळतळावरची भांडारीण. चाच्यांनी तळ घेतलाय, तिला खांबाला बांधलंय, किल्ल्या कुठं आहेत ते विचारताहेत. लोखंडी नळी. पहिल्या फटक्याला दोन दात, दुसऱ्याला बरगडी. ती किल्ल्यांचं बोलत नाही. फळीकडे बघते आणि डबे म्हणते. एकविसाव्या फेरीला राऊळ दार फोडून आत येतो. तोंडातलं रक्त थुंकून ती त्याला म्हणते, "उशीर केलास. अवरे संपत आले."

अशी सोबतीण सतरा वर्षांत सुचली नव्हती.

वय बदललं. चेहरा बदलला. नवरा काढला, चाचे घातले. डबे तेवढे ठेवले. बदलून पाहिले — क्रम हलला की वाक्य पडतं. आणि डबे कोणाला ठाऊक आहेत? तिच्या मनातली गोष्ट. तिला आणि मला.

१२ नोव्हेंबर, रविवार

हयवदनरावांच्या हॉलमध्ये वाचन. मासिकाचा एकच अंक येतो गल्लीत. तो त्यांच्या ट्रंकेत राहतो आणि रविवारी जेवणं झाली की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जातो. सतरा वर्षांचा नेम. गेली नऊ वर्षं वाचतो नागोजी. वडिलांनी त्याला मराठी अक्षरं छडी मारून शिकवली, असं तो हसत सांगतो.

आजही छान वाचलं. प्राध्यापक आजारी पडला तिथं त्यानं आवाज अगदी खाली आणला. बायका डोळे पुसत होत्या. भाग्यलक्ष्मी दाराशी, पदर ओठावर.

१६ नोव्हेंबर

भाग पोस्टात टाकला. चार दिवस आधी.

२४ नोव्हेंबर

उल्हास खूश. "पण ताई, परग्रहावर हुरळी कुठली? हुलगे करू?" नको, म्हणाले. "बरं. मरताना पण डबेच म्हणू दे. मार्चचा शेवट तोच करा." हो म्हणाले.

४ डिसेंबर

टाइपरायटरचा रूळ अडकला. जयनगरला दुरुस्तीला दिला. आठ दिवस लागतील. तोवर हातानं.

६ डिसेंबर

हातानं लिहिण्याला आवाज नसतो.

सात वाजता सुरू झालं. आधी भांडं. मग तो ओला, जड आवाज — इतक्या वर्षांत मी त्याला शब्द शोधला नाही, आजही सापडत नाही. आणि त्याच्यामागे तिचं बोलणं. इतकी वर्षं मला ते रडणं वाटायचं. किंवा स्तोत्र.

"तूर. उडीद. हुरळी."

मोठ्यानं म्हणते! मनात नाही.

आणि मग तो. त्याच चांगल्या आवाजात. "थांबलीस का? म्हण की. पुढं काय? म्हण."

"रागी," ती म्हणाली. पुन्हा फटका. "अवरे."

त्याला पाठ आहे. आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो ते वाचणार आहे. वाचता वाचता त्याला कळणार, की ती माझ्यापाशी बोलली.

७ डिसेंबर

सकाळीच उल्हासला फोन लावला. पाच शब्द बदलायचे आहेत, म्हणाले. "ताई, छापून झालंय ते पान. आणि त्या पाच शब्दांवर तर भाग उभा आहे."

हो. मीच उभा केला.

३ जानेवारी १९९६

अंक आला. हयवदनरावांकडे गेले. एक पान चुकलंय, घरी नेऊन दुरुस्त करते, म्हणाले. म्हातारा हसला. "सतरा वर्षांत कधी अंक मागितला नाहीत, अक्का. वाचताना तोंडीच दुरुस्त करू की."

मग मीच वाचते या वेळी, म्हणाले.

"सरी, वाचा की, पण कप्तानाचा आवाज कुठून आणाल?"

ट्रंकेची किल्ली त्यांच्या जानव्याला.

५ जानेवारी

नागोजी कामावर गेल्यावर भाग्यलक्ष्मीकडे गेले. फळीवर पाच डबे. पहिल्यांदाच पाहिले. तुरीच्या डब्याला पोचा.

सगळं सांगितलं. तुझे डबे मी लिहिले, नाव बदललंय, पण त्याला कळेल. रविवारी तू कुठंतरी जा. माझ्या घरी राहा, मी दाराला कडी लावते.

ती चुलीपाशी होती. "स्वल्प थांबा अक्का, दूध वर येतंय." दूध उतरवलं. मग म्हणाली, "कुठं जाऊ? रविवारी अण्णा येतोय जेवायला."

रागावली नाही. त्यानं मला जास्त लाज वाटली.

७ जानेवारी, रविवार

डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्याची दोन बोटं मोडली.

हॉलमध्ये वीसेक माणसं. पिराजी पुढंच बसला होता — आनेकलचा जाडजूड, गप्प माणूस. नागोजी त्याच्याशी गोड. "या हो पिराजीअण्णा, आमचा कप्तान ऐका. तुमच्या शेतात असलं नाही पिकत." सगळे हसले. मी नागोजीशेजारची खुर्ची धरली. काय करणार होते, माहीत नाही.

त्याचा आवाज चांगला आहे. हे लिहायलाच हवं. चाच्यांनी तिला खांबाला बांधलं तेव्हा पोरंसुद्धा चूप झाली. नळीचे फटके त्यानं सावकाश वाचले, प्रत्येक फटक्यानंतर थांबत. त्याला ती जागा आवडली. मग — "तिनं फळीकडं पाहिलं. ती म्हणू लागली. तूर, उडीद, हुरळी..."

तो थांबला. पानावरची नजर वर आली नाही.

आणि भिंतीशी बसलेल्या गंगाक्का, हयवदनरावांच्या बायको, जन्मात अक्षर न वाचलेल्या, हळूच म्हणाल्या, "रागी, अवरे."

आपसूक. आरतीत पुढची ओळ येते तशी. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खाली. समोरचं घर, मागचं अंगण, ही भिंत, ती भिंत — सगळ्यांना पाठ. आणि मी समजत होते, एकट्या नागोजीला ओळखू येईल.

पिराजी वळला. "तुम्हाला कसं ठाऊक अक्का, पुढचं?"

गंगाक्कांनी तोंडावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "ऐकू येतं रे. मार खाताना तुझी बहीण म्हणते."

नागोजी उठला. अंक त्याच्या हातात तसाच होता, त्याची सुरळी झाली. वीस माणसांतून तो दारापर्यंत गेला, कोणीच आडवं आलं नाही. दाराशी बसलेल्या भाग्यलक्ष्मीला केस धरून त्यानं आत ओढलं आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. "कुणाकुणाला सांगितलंस? कुणाकुणाला?" ती पडली. त्यानं खांद्यावर पाय दिला. आवाज आला. वाळकी फांदी मोडते असं मी आजवर लिहीत आले — तसं नसतं. तो आवाज ओला असतो.

मी त्याचा हात धरला. त्यानं माझ्याकडे न बघताच बोटं उलटी वळवली. मग पिराजीनं पाट उचलला आणि मानेत घातला. नागोजी गुडघ्यांवर आला. पिराजीनं आणखी एकदा घातला, त्याला पालथा पाडला आणि पाठीवर बसला. नागोजीचं तोंड फरशीवर, नाकातून रक्त. शिव्या त्याच आवाजात.

"एक झालं," पिराजी धापा टाकत म्हणाला. "आणखी कोण ऐकतं?"

घड्याळ. भाग्यलक्ष्मीचा श्वास. या वेळी ती डबे म्हणत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, एकेकाकडे, डावीकडून उजवीकडे.

"मी," हयवदनराव म्हणाले. किल्लीशी चाळा चालला होता त्यांचा.

समोरच्या घरातला बसवंत म्हणाला, "मी पण ऐकतो. रेडिओ मोठा करतो मी."

मग मी म्हणाले. "मी. मधली भिंत माझी आहे."

चार.

८ जानेवारी

तिच्या खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला नऊ टाके. चौकीवर चौघांनी सह्या केल्या. माझी डाव्या हाताची सही बघून हवालदारानं विचारलं, "अक्षर येतं ना तुम्हाला?"

नागोजी आत आहे. पिराजी तिला दवाखान्यातूनच आनेकलला नेणार.

उल्हासचा फोन. मार्चचं मरण कधी पाठवता? तारिणी मरत नाही, म्हणाले. "मग राऊळ पेटणार कसा?" राऊळचं राहू दे, म्हणाले. आता ती पेटेल. तो काहीतरी बोलत होता. बोटं ठणकत होती, फोन ठेवला.

संध्याकाळी सात वाजता काही ऐकू आलं नाही. तरी सात वाजलेले कळले.

१५ जानेवारी, संक्रांत

पिराजी एळ्ळु-बेल्ल घेऊन आला. तीळ, गूळ, खोबरं, सगळं एका डब्यात. डब्याला पोचा आहे. निरोप तोंडी:

"बहीण म्हणते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दीड-दोन महिने म्हणालात, बरोबर तेवढेच लागले. खांद्याचं तेवढं तिनं हिशेबात धरलं नव्हतं."

समजलं नाही, म्हणाले. त्यानं खिशातून एक पत्र काढून दाखवलं. कन्नडात, तिच्या हातचं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी जेवायला ये, दुपारी वाचन ऐकूनच जा, चुकवू नको.

वर तारीख होती. दहा नोव्हेंबर. ती मला डबे सांगून गेली तो दिवस.