बेदाण्याच्या शेडातली वजाबाकी

ती. अनंतदादास,
भार्गवीचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी वहिनींकडे केली. गुडघा जागेवर आहे आणि तूही शिक्षण खात्यात जागेवर आहेस, हे ऐकून बरं वाटलं.

साथीतून सरकारनं काय शिकावं, यावर तुझ्या समितीचा अहवाल निघतोय, म्हणून तू माझ्या शाळेची यशोगाथा मागितलीस. घे. शाळा बंद झाली तेव्हा आमच्या वस्तीवर (तासगावची एसटी जिथं थकते त्याच्याही पुढं) चांगला फोन एकच, आकारामदादांचा, आणि तो दिवसभर त्यांच्या खिशात, द्राक्षबागेत. माझे ऑनलाइन तास वेलींनी ऐकले. (त्या साली द्राक्षं गोड निघाली, पण श्रेय मी घेत नाही.) शेवटी तेच म्हणाले, "बाई, पोरं आमच्या बेदाण्याच्या शेडात बसवा. हंगाम सरलाय, वारं चारी बाजूनं खेळतंय." लांब लांब बसवली. मोजायला मणी नव्हते, म्हणून दादांनी उरलेले बेदाणे दिले. वजाबाकी सगळ्यांना एका दिवसात आली. बेरीज मात्र जमेना. मांडलेले बेदाणे बेरजेपर्यंत टिकतच नव्हते.

पुढं दुसरी लाट आली आणि शेडही बंद झालं. पहिलीत नाव घातलेली शिवांजली, शाळा नीट सुरू होईतो तिसरीत पोचली होती. नवं पुस्तक तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्यातलं पयलं अक्षर कुठलं?" मी तिसरीची पुस्तकं कपाटात ठेवली आणि पहिलीची काढली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, अभ्यासक्रम मागं पडतोय. मी म्हटलं, पोरं त्याच्याही मागं आहेत, त्यांना घेऊनच येते. त्यांनी शेरा मारला. पण दिवाळीनंतर शिवांजली एसटीच्या पाट्या वाचू लागली. तिची आजी रंगूबाई कुठं जायचं नसताना तिला घेऊन तासगावच्या स्टँडवर बसायची. "वाच गं, ही कुठं जातीया?"

अहवालात एवढंच लिही, की शाळा उघडली की आधी पोर कुठवर आलंय ते बघावं, मग पुस्तक द्यावं.

वहिनींना नमस्कार.
तुझी,
भार्गवी

ता. क. यशोगाथा म्हणून छापू नकोस. दोन पोरं अजून जोडाक्षराला अडखळतात.

ता. क. २. पत्राचं खरं कारण राहिलंच. पट कमी म्हणून आमची शाळा बंद करून पोरं ओढ्यापलीकडं धाडायची फाईल तुझ्या टेबलावर आलीय म्हणे. मागं बंद झाली तेव्हा निदान साथ तरी होती. सरकारी फायली हरवतात, असं लहानपणापासून ऐकत आलेय. एखादी मुद्दाम हरवायची असेल तर अर्ज कुणाकडं करायचा, तेवढं कळव.