चंचलला घ्यायला या

वरोरा, रविवार

आदरणीय प्रफुलभाऊ यांस,

तुमच्या जवायाचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, ते खरं धरू नका. तुमची तब्येत, वैनींचे गुडघे, कुरखेड्याकडचं धान, सगळं कसं आहे ते कळवा. (पत्र आहे म्हणून शुद्ध लिहून राह्यलो. मधे घसरलो तर सांभाळून घ्या.) फोन काऊन नाही केला म्हणाल, तर फोनवरचं चंचलला स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं, आणि ही गोष्ट तिला कळू द्यायची नाही.

गोष्ट अशी की मागच्या हप्त्यात तुमची बहीण आरोग्य उपकेंद्रातून घरी आली, पायरीवर बसली, एका पायातली चप्पल काढली आणि दुसरी काढता काढता झोपली. बसल्या बसल्या, डोक्यावर हेल्मेट तसंच. मी कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरून ड्युटी संपवून आलो तर मयुरी तिच्यासमोर गणिताची वही धरून उभी, आणि लहान्या तिच्या डब्यातली उरलेली पोळी खाऊन राह्यला होता. मी खांद्याला हात लावला, तर डोळे न उघडता म्हणाली, "पुढची बाई पाठवा." मला हसू आलं भाऊ, आणि लगेच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बळंच मोठ्या दवाखान्यात नेलं. गावोगावच्या गरोदर बायांना दुपारी पडत जा, पालेभाज्या खा, जड उचलू नका असं सांगत फिरणारी ही सिस्टर, आणि हिचंच रक्त त्या बायांपेक्षा कमी निघालं! आराम करा, नाहीतर मीच भरती करून घेते, असं डॉक्टरीणबाई बोलल्या. चंचल हो म्हणाली आणि तिथूनच लसीकरणाला गेली.

मग मी आजचा रविवार तिच्या आरामाचा म्हणून जाहीर केला. तिला खोलीत पलंगावर निजवलं, पंखा लावला, दार ओढून घेतलं आणि पोरांना दम दिला. स्वयंपाक मी हाती घेतला. (माझी आई म्हणाली, बाप्पा, गडी माणूस चुलीपाशी! आणि तमाशा पाहायला खुर्ची घेऊन बसली.) आता तुरीच्या वरणाला मीठ लागतं हे मला ठाऊक आहे, पण ते राहते कुठी हे ठाऊक नव्हतं. दाराशी जाऊन हळूच विचारलं. मग हळद विचारली. मग कुकरच्या शिट्ट्या विचारल्या. मयुरीनं उद्याचा युनिफॉर्म विचारला, लहान्यानं त्याचा मोजा विचारला, आणि आईनं तिची बीपीची गोळी विचारली. खरं सांगायचं तर आजचं जेवण तिनंच केलं, झोपून केलं. हात फक्त माझे होते. तरी वरण बुडाला लागलंच.

एवढ्यात शेजारचे लटारूभाऊ बाही वर करून आले, सिस्टर घरी हाये तं बीपी पाह्यते काय म्हणून. मी कडक आवाजात सांगितलं की सिस्टर आराम करून राह्यली. इथं माझं चुकलं. चंचल आणि आराम, हे कोणाला पटंना! काहीतरी मोठंच दुखणं आहे असं त्यांनी गल्लीत सांगितलं, आणि अर्ध्या घंट्यात सारी गल्ली तिला पाहायला आली. कोणी केळी आणली, कोणी आपापल्या मेलेल्या नातेवाइकांच्या गोष्टी आणल्या. आल्यागेल्याला चहा नको का? चहा कोणी केला असेल ते तुम्हीच समजा.

माणसं गेली तेव्हा ती पलंगावर नव्हती. न्हाणीघराला आतून कडी होती आणि पाण्याचा आवाज येत नव्हता. लहान्या दाराला तोंड लावून आई, आई करत होता. भाऊ, मला वाटलं, पडली की काय! मी दार ठोकलं. आतून बारीक आवाज आला, "पडली नाई. बादली पालथी घालून बसली. थोडा वेळ कोणी मले काई विचारू नका."

मी लहान्याला कडेवर घेतलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं, ते तुम्हाला सांगायला लाजत नाही. स्वतःच्या घरात माझ्या बायकोला बसायला न्हाणीघर शोधावं लागलं.

म्हणून विनंती आहे की तुम्ही तिला घ्यायला या. भाऊ घ्यायला आला की कोणालाच नाही म्हणता येत नाही. माझी आईसुद्धा तेव्हा गुमान वाटेतला डबा बांधून देते. तिकडे नेल्यावर मात्र सिस्टर आली असं मोहल्ल्यात सांगू नका. मागच्या खेपेला तुमच्या ओसरीवर बीपीची रांग लागली होती, आठवते ना?

तुमचाच,
धनराज

ता. क. मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका. सहज आठवण आली म्हणून आलो, असं सांगा.

ता. क. दुसरा. पाकीट कुठी सापडेना म्हणून चंचललाच विचारावं लागलं. कोणाला पत्र, म्हणाली, आणि हातातून घेऊन वाचत बसली. आता पेन मागून राह्यली.

दादा, जयभीम. यायनं लिहिलं ते सारं खरं हाय. तू घ्यायले येच. पण मले नको नेऊ. याइले ने, दोन्ही लेकराइले ने, सासूबाईले बी ने. चार रोज ठेवून घे. मी इथीच राहीन, समोरच्या दाराले कडी लावून. वैनीले सांगजो, मीठ समोरच ठेव म्हणा. तरी थकली तं तिले इकडे पाठवून देजो. तिच्यापुरती कडी काढीन.