पाठीतली सळई

आई, काल पाठीचा एक्स-रे काढला. नवी डॉक्टरीण बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "इतकी जुनी सळई मी पहिल्यांदाच बघतेय." तेव्हापासून मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून वही उघडून तुला लिहायला बसले. तू जाऊन बावीस वर्षं झाली.

मी आठवीत होते. दिवसभर गणवेशाच्या कारखान्यात मशीन मारून आल्यावर तू माझं पोलकं शिवत होतीस. उजवी बाजू सारखी वर चढायची. तीनदा उसवलंस, स्वतःच्या कात्रीला नावं ठेवलीस. मग मला वाकायला लावलंस आणि पाठीवरून हात फिरवलास. उजवीकडच्या उंचवट्यावर तो थांबला.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कणा वाकत चाललाय, पोलादी सळई बसवून बराचसा सरळ करता येईल, पण पायांतली ताकद जायचीही भीती आहे. बाहेरच्या बाकावर वैरागचा मामा तुला म्हणाला, "अक्का, पोरगी चालती-फिरती हाय. पदराखाली झाकंल की. कशाला इषाची परीक्षा?" अप्पा मी लहान असतानाच गेले; ते असते तर त्यांनी काय ठरवलं असतं कोण जाणे. तू माझ्याकडं वळलीस. "पाठ तुजी हाय. तू सांग." तेरा वर्षांच्या मुलीला असं कुणी विचारत नव्हतं. मी म्हटलं, "करू या." तू आत जाऊन सही केलीस.

ऑपरेशननंतर डोळे उघडतेय, तर तू माझ्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढतेयस. "कळतंय का गं?"

"व्हय."

तू तिथंच फरशीवर बसतेस, तोंडाला पदर लावून.

मग सोलापूरचा उन्हाळा, मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर, आणि सहा महिने पलंग. आत खाज सुटायची, तर तू गळ्याजवळच्या फटीतून फुंकर घालायचीस. ती फुंकर अजून आठवते, सळईपेक्षा जास्त. प्लास्टर कापल्यावर मी तुझ्याहून उंच निघाले. "आता वर बघून रागवायला लागंल," म्हणालीस आणि हसलीस.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. त्या सहा महिन्यांत मी "आई, लई दुखतंय" म्हटलं की तू पायातली चप्पल काढायचीस, कामाला जायची नाहीस, दिवसभर उशाशी बसायचीस. खरं दुखणं पहिल्या महिन्यातच थांबलं होतं.