पेटीला बोलका माणूस लागतो

सोमवार, ५ जानेवारी २०२६. कोल्हापूर.

वाघाचा आवाज काढायचा होता. मी काढला नाही.

सकाळी शिबिर सुरू झालं. ग्रंथालय कर्मचारी नेतृत्व विकास शिबिर – पाच दिवस, निवासी. शिकवणारे ऋतुराज सर पुण्याचे. तिशीतला मुलगा, गालाला चिकटलेला माईक. म्हणाले, उठून आपलं नाव सांगा, आवडता प्राणी सांगा आणि त्याचा आवाज काढा – मोठ्यानं! आम्ही जिल्हाभरातले वाचनालयवाले. जन्मभर लोकांना 'हळू बोला' सांगत आलेली माणसं. एकेक जण उठून कुजबुजला. गारगोटीच्या बाईंचं मांजर शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचलं नाही. सरांना वाटलं स्पीकर बिघडलाय. माणूस बोलावला. त्यानं सगळ्या वायरी तपासल्या, बिचाऱ्यानं.

माझी पाळी आली. "सोमेश. मुरगूड," म्हणालो आणि बसलो.

"आणि प्राणी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "गोगलगाय लिवा की वो सर."

सगळे हसले. थोडा मीही.

तो आवाज भीमाप्पांचा. चंदगडकडच्या एका गावात वाचनालय चालवतात. शिबिरात मोठ्यानं बोलणारा हा एकच माणूस आणि तो नेमका माझ्या खोलीत. बरोबर काजूची पिशवी आणलीय. बोलताना खातात, खाताना बोलतात.

मला यायचं नव्हतं. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी पाठवलं. माझी बायको पवित्रा श्रावणात गेली, तेव्हापासून तिची पेटी कपाटावर पडून आहे. हिरवी, पत्र्याची. दर बुधवारी ती स्कूटीला बांधून घरोघर पुस्तकं न्यायची – ज्या बायकांचं वाचनालयात येणं होत नाही त्यांच्या दारात. मी पुस्तकं नोंदायचो, ती पोचवायची. तात्यासाहेब म्हणाले, "पेटीला बोलका माणूस लागतो, सोमेश. वहिनी बोलूनच पुस्तकं खपवायच्या. तू शिकून ये. रविवारी कमिटीपुढं उभा राहून बोललास तर पेटी तुझी. न्हाईतर बंद करूया."

बंद होऊ नये. मला एवढंच पाहिजे. पण बोलायचं कसं?

मंगळवार, ६ जानेवारी

आज सगळ्यांना एकेक जाड पुस्तक मिळालं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पानापानावर प्रश्न आणि खाली रिकाम्या रेघा. 'तुमचं स्वप्न कोणतं?' 'तुम्हाला कोण अडवतं?' सर म्हणाले, परवापर्यंत पूर्ण करा, मी गोळा करणार आहे.

संध्याकाळी भीमाप्पा बाजारातून खाकी कागद घेऊन आले. दोघांनी कव्हरं घातली. कोपरे नीट दुमडले. डिंक मागायला शेजारच्या खोलीत गेलो, तर तिथंही तेच चाललं होतं.

भूमिकाचा फोन आला. माझी मुलगी, नोकरीला बेळगावात असते.

"बाबा, बोललात का काही तिथं?"

"हं."

"म्हणजे नाही."

तिचं जुनंच म्हणणं – आईनं तुमच्या वाटणीचंपण बोलून ठेवलंय, तुम्ही निवांत आहात.

बुधवार, ७ जानेवारी

पेटीचा वार. सकाळपासून हाताला काहीतरी कमी वाटत होतं.

पहाटे सहालाच सरांनी रंकाळ्यावर नेलं. मौन फेरी. कुणीही एक शब्द बोलायचा नाही, फक्त आत बघायचं. दोन दिवस ज्यांच्या तोंडातून आवाज निघत नव्हता ती माणसं तिथं जी बोलायला लागली! कुणाच्या वाचनालयात वाळवी आहे, कुणाचे अध्यक्ष पेपर घरी नेतात, कुणाच्या छपरात पारव्यानं घरटं केलंय. सर पुढं एकटेच गप्प चालत होते, दोन्ही हात छातीशी. मागं सगळा बाजार. मौन पाळणारे सर आणि मी, दोघेच.

दुपारी भीमाप्पांनी मला कामाला लावलं. टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि खोलीच्या दारात उभे राहिले. मिशा तशाच.

"मी बाई हाय असं समजा. या आता पेटी घेऊन. काय म्हणणार?"

"पुस्तक," म्हणालो.

"नको. आमच्यात कोण वाचत न्हाई."

"बरं."

मी वळलो.

"अवो, बरं काय? दारातनं असं परत जायचं नसतंय! पटवायला पायजे. काय तरी इचारा माझ्याबद्दल."

मी पुष्कळ विचार केला. "गुडघा कसा आहे?"

भीमाप्पांनी टॉवेल काढला. "कुणाचा गुडघा?"

हिराबाईंचा. मग सांगावं लागलं. हिराबाई म्हणजे पेटीचं पहिलं घर. त्यांचा गुडघा, त्यांच्या सुनेचा शिवणाचा क्लास, पलीकडच्या गल्लीतल्या बाईंचं भावाशी तुटलेलं बोलणं – हे सगळं मला ठाऊक आहे. बुधवारी संध्याकाळी पवित्रा घरी आली की चप्पल काढायच्या आधी सुरू व्हायची. मी लसूण सोलत असायचो. ती म्हणायची, "अहो, ऐकताय ना?" मी म्हणायचो, "हं." भाजी शिजायची, जेवणं व्हायची, भांडी व्हायची, तरी तिचं संपायचं नाही. दारोदारी एवढं बोलून हिचं घरी बोलायचं उरतं कसं, याचं मला नवल वाटायचं.

भीमाप्पांनी तोंडाकडं नेलेला काजू पिशवीत परत टाकला. मग म्हणाले, "आत्ता बोलला न्हवं एवढं? तसंच दारात बोलायचं."

तसं नाही. ते तिचं होतं, मी नुसतं परत सांगितलं.

गुरुवार, ८ जानेवारी

आज मोठा घोळ.

सरांनी पुस्तकं गोळा केली. एक उघडलं – कोरं. दुसरं कोरं. तिसरंही. शेवटपर्यंत कुणाच्याच पुस्तकात एक अक्षर नाही. वर खाकी कव्हर, आत नवं कोरं पुस्तक. सर खुर्चीत बसले. माईक चालूच होता, त्यामुळे त्यांचा सुस्कारासुद्धा सगळ्या हॉलला ऐकू आला.

"तीन दिवस मी कुणाशी बोलतोय?" म्हणाले. "एकालाही एक ओळ लिहावीशी वाटली नाही? मग मी जातोच ना परत पुण्याला."

सगळे खाली बघायला लागले. भीमाप्पासुद्धा. मी इकडंतिकडं बघितलं. गारगोटीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. सर खरंच बॅग भरायला लागले. चार्जर आत गेला, बाटली आत गेली.

मी उठलो कधी ते कळलं नाही. "सर," म्हणालो, "छापील पुस्तकात लिहीत नाहीत."

"काय?"

"पेनानं तर नाहीच. चिठ्ठ्या आहेत, कव्हराच्या दुमडीत. पुस्तक उलटं धरा."

त्यांनी वरचं पुस्तक उलटं धरलं. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. प्रत्येक चिठ्ठीवर वर कोपऱ्यात पान क्रमांक, प्रश्न क्रमांक, खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात उत्तर. दुसरं पुस्तक – तसंच. सगळ्यांचं तसंच, आणि एकमेकांना कुणीच विचारलं नव्हतं! सर गुडघे टेकून चिठ्ठ्या गोळा करायला लागले. आम्हीही खाली बसलो. कुणाचं स्वप्न कुणाच्या अडचणीत मिसळलं होतं. लावून देईपर्यंत जेवणाची वेळ झाली. लावून दिलं मात्र पक्कं.

नंतर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमेशजी, तुम्ही आज लीड केलंत."

मी फक्त पुस्तकाचं सांगितलं होतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

समारोप. आभार मी मानायचे, असं भीमाप्पांनी परस्पर जाहीर करून टाकलं. माईकपुढं उभा राहिलो. "आभार," म्हणालो आणि खाली आलो. टाळ्या माझ्यापेक्षा जास्त वेळ चालल्या.

मग सगळ्यांनी रांगेत जाऊन पुस्तकं सरांच्या टेबलावर परत ठेवली. सर म्हणाले, अहो, तुमचीच आहेत ती, न्या. पण गारगोटीच्या बाई म्हणाल्या, कोरी आहेत, कव्हरं घातलीत, पुढच्या तुकडीला चालतील. सर खाकी गठ्ठ्यामागं उभे होते. हसावं की काय करावं त्यांना कळत नव्हतं.

निघताना भीमाप्पांनी उरलेले काजू माझ्या पिशवीत ओतले. "दारातनं परत फिरायचं न्हाई, अण्णा. 'बरं' म्हणायचं न्हाई."

"बरं," म्हणालो.

शनिवार, १० जानेवारी. मुरगूड.

कुलूप काढून आत आलो आणि सवयीनं "हं" म्हणालो. कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवार, ११ जानेवारी

कमिटी बसली. सरांनी शिकवलं होतं – आधी नजर, मग गोष्ट, मग आकडा, शेवटी आवाहन. मी उठलो. नजर दिली. पुढचं सगळं गेलं.

"बुधवारी मी पेटी घेऊन जातो," म्हणालो. "चालली नाही तर बंद करा."

तात्यासाहेब वाट बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"मग पुण्याच्या माणसानं पाच दिवस शिकवलं काय?"

"पुस्तकं कोरी ठेवून आलो," म्हणालो. खरं तेच सांगितलं, तर सगळे हसले. हसता हसता तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही. तिच्या वेळी दवाखान्यात रोज आले होते.

"एक बुधवार," म्हणाले. "एकच. खरं सांगू का, बायका दारातनंच परत लावतील तुला. वहिनींची गोष्ट वेगळी होती."

तेही खरंच आहे.

मंगळवार, १३ जानेवारी

पेटी खाली काढली. पुसली. तळाशी एक बसकर निघालं, जुन्या गोधडीच्या तुकड्याचं, घडी घातलेलं. उभ्या उभ्या पुस्तकं देणाऱ्या बाईला बसकर कशाला लागतं? परत तसंच ठेवलं.

आरशापुढं उभं राहून भीमाप्पांचं सगळं म्हणून बघितलं. आरशालाही पटलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

पहिलं दार हिराबाईंचं. पाठ केलेलं तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. "पुस्तक," म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं. "बसकर आणलासा न्हवं? मग टाका की उंबऱ्यापाशी."

मी म्हणालो, मला पवित्रासारखं बोलता येत नाही.

"ती कुठं बोलायची वो? गप बसायची हितं. बोलायचो आमी. मी म्हणायची, अगं, समद्या गावाचं ऐकून वझं हुत न्हाई व्हय तुला? तर म्हणायची, घरी जाऊन उतरून ठेवते. तिथं ऐकणारा हाय." माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "तुमास्नी गोड बोला म्हणत न्हाई. बसा."

बसलो. गुडघा कसा आहे, विचारलं.

दुसऱ्या दारी जायला दुपार उलटली.