झेंडूचा नकाशा

२ ऑक्टो., दसरा
सकाळी यंत्रांची पूजा, पेढे, सगळे घरी. मी आणि मेकॅनिक सलीमभाई मागं राहिलो. शेडमध्ये माणसं फिरत असली की नव्या ट्रॉलीच्या कॅमेऱ्याचा नकाशा बिघडतो. असा निवांत दिवस पुन्हा दिवाळीलाच. ट्रॉली सगळीकडं फिरवली, तिनं खांब-भिंती पाहून ठेवल्या. आता माल घेऊन एकटी फिरेल. झकास.

६ ऑक्टो.
ट्रॉली वळणाच्या खांबापाशी थांबते. पुढं जातच नाही. दिवसभर वायरी तपासल्या, व्यर्थ. साहेब म्हणाले, शनिवारी ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर फसली तर हे काम बंद, तुम्ही पुण्याच्या ऑफिसात. गारखेड्यात आई एकटी कशी राहील? तिला जिना उतरवत नाही. घरी काही बोलले नाही.

८ ऑक्टो.
सापडलं. दसऱ्याला तिच्या कॅमेऱ्यानं टिपलेले फोटो पाहिले. प्रत्येक खांबाला झेंडूचा हार! ती खांब ओळखतच नाही, हार ओळखते. हार तर सोमवारी झाडून टाकले. मूर्ख मी. रडूच आलं.
नवा नकाशा करायला शेड बंद हवी. साहेब : "ऑर्डर डोक्यावर आहे, एक तासही नाही."
सलीमभाई : "मग परत लावू की हार, म्याडम. मी आणतो फुलं."
मी हसले. मग कळलं, दुसरं काही उरलंच नाही.

११ ऑक्टो., शनि.
पहाटेच फोटो बघून हार बांधले, त्याच उंचीवर. दोन चकरा नीट. साहेबांना बजावलं, हारांना हात नको.
पाहुणे आले. सत्काराचा हार आणायचा राहिलेला. साहेबांनी वळणाच्या खांबाचा सोडला आणि त्यांच्या गळ्यात घातला. मी तोंड उघडेपर्यंत टाळ्या. मला हळूच, "एका हारानं काय होतंय?"
ट्रॉली त्या खांबापाशी आली आणि थांबली. थांबूनच राहिली. सगळे तिच्याकडं बघत होते, मी पाहुण्यांच्या गळ्याकडं.
"कळवतो," म्हणाले. हारासकट गाडीत बसले.

१२ ऑक्टो.
फोन नाही. जीव थाऱ्यावर नाही. दुपारी आईला सगळं सांगितलं, पुण्याचंही.
"मग गळ्यातला मागून घ्यायचा व्हता की."
पाहुण्याच्या गळ्यातला हार कुणी परत मागतं का?
"म्या मागितला असता," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.