वन्सं, तुमच्या खोलीत ढग उतरला आहे

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय, हे तुमच्या सुनेकडून कळलं. ऐका त्यांचं. मी बरी आहे, म्हणजे परवापर्यंत तापाने आडवी होते, पण ते पुढे सांगते, कारण त्या तापाचाही या प्रकरणाशी संबंध आहे. आधी मन घट्ट करा. वन्सं, तुमची खोली गेली. जळाली-बिळाली नाही, घाबरू नका. तिथे कॉम्प्युटर राहायला आलेत.

तुम्ही लग्न होऊन या घरातून गेलात आणि नंतर मी आले. मामंजींनी पहिल्याच दिवशी मागची खोली दाखवून सांगितलं होतं, ही तिची, इथे काही ठेवायचं नाही. इतक्या वर्षांत मी तिथे साधी इस्त्रीच्या कपड्यांची टोपली ठेवली नाही. (एकदा ठेवली होती, पण तुम्ही यायच्या आत उचलली.) तुम्ही माहेरपणाला यायचात, दुपारी दार लोटून आपण दोघी त्या पलंगावर आडव्या व्हायचो आणि यांच्याबद्दल मनसोक्त बोलायचो. त्या जागी आता एक काळं लोखंडी कपाट उभं आहे आणि ते दिवसभर घुमतं.

मुळापासून सांगते. तुमच्या भाच्याने काही वर्षांपूर्वी आपल्या बटणांच्या कारखान्याचं सगळं, म्हणजे ऑर्डरी, बिलं, मालाची नोंद, यांनी काढलेल्या बटणांची चित्रंसुद्धा, क्लाउडवर नेलं. मी विचारलं, कुठल्या ढगावर? (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टर ढगांचे प्रकार घोकून घ्यायच्या. ते पिंजलेल्या कापसासारखे उंचावर तरंगणारे असतात ना, त्यांच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.) तो हसायला लागला. म्हणाला, आई, ढग-बिग काही नाही, दुसऱ्यांचे कॉम्प्युटर असतात, आपण भाड्याने वापरायचे. मग तसं सरळ सांगावं की. भाड्याच्या घराला कोणी आभाळ म्हणतं का?

पुढे व्हायचं तेच झालं. भाडं वाढत गेलं. वापरलं तर पैसे, नुसतं ठेवलं तर पैसे, काय ठेवलंय ते उघडून बघितलं तरी पैसे. एकदा तर माल भरलेला ट्रक फाटकात उभा, आणि इंटरनेटची लाइन गेलेली म्हणून बिल छापता येईना, कारण बिल वर. ड्रायव्हर बिचारा चाकाशी बसून जेवला, झोपला, उठला, पुन्हा बसला. शेवटी सूनबाईंनी (आकडेमोडीत ती इतकी पक्की आहे की तुमचा भाचा तिच्यापुढे शाळेतल्यासारखा बसतो) ठरवलं की आपले कॉम्प्युटर विकत घ्यायचे आणि सगळं खाली उतरवायचं. तर उतरवण्याचेही वेगळे पैसे पडतात म्हणे. आपलंच सामान, आपणच नेणार, आणि घरमालक उंबऱ्यात हात पसरून उभा. माझा असा संताप झाला की दोघं जेवायला आली होती तेव्हा मी टेबलावरूनच सांगितलं, काय ते पैसे त्यांच्या तोंडावर फेका आणि आणा सगळं घरात.

इथेच मी फसले. सून म्हणाली, तेच करतोय आई, सगळं घरात आणतोय. मला वाटलं, ही बोलायची पद्धत. कारखाना म्हणजे आपलं घरच की. तर पुढच्या आठवड्यात दारात टेम्पो. कारखान्यात बटणं घासल्याची भुकटी उडते, प्रेसने जमीन हादरते, तिथे ही नाजूक मंडळी टिकायची नाहीत. (मामंजी आयुष्यभर त्या भुकटीत टिकले, पण ते यंत्र नव्हते.) त्यांना हवी जाड भिंतींची, ऊन न येणारी, फारशी वापरात नसलेली खोली. फारशी वापरात नसलेली! तुमच्या खोलीला हे विशेषण लावलं, माझ्यासमोर.

आणि एसी. उन्हाळ्यात तुम्ही तिथे कपाळावर ओला रुमाल घेऊन पडायचात, आणि मी एसीचं नाव काढलं की विजेच्या बिलाचा विषय निघून बोलणं संपायचं. या कपाटाला दोन एसी लागलेत. एक थकला तर दुसरा. तुमचा पलंग जिन्याखाली उभा केलाय. खिडकी विटांनी बुजवली. दारावर कागद चिकटवलाय, परवानगीशिवाय आत येऊ नये. मी वायरवाल्याला विचारलं, परवानगी कोणाची घ्यायची? म्हणाला, काकू, तुमच्या सूनबाईंची. म्हटलं, खोली ज्यांची त्यांची नको का? त्या नेटवर्क बघतात का, त्याने विचारलं. म्हटलं, नाही, त्या माझ्या नणंद आहेत. त्याने ते लिहून घेतलं.

शिवाय वर्दळ. हे गेल्यापासून मी इथे एकटी, आणि पूर्वी तुमचा भाचा फक्त रविवारी फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता. आता रोज संध्याकाळी हजर. बुटांसकट सरळ मागे जातो, यंत्रांची ख्यालीखुशाली विचारतो, मग स्वयंपाकघरात येऊन एकेक झाकण उचलून बघतो. मागून सून येते, टेबलावर लॅपटॉप मांडते. रोज तिघांचा स्वयंपाक. आणि सकाळी न चुकता फोन, आई, किती आहे? म्हणजे खोलीचं तापमान. दाराशी एक डबी लावलीय, तिच्यावरचा आकडा मी वाचून दाखवायचा. कशी आहेस, हा प्रश्न नाही. किती आहे, एवढंच.

त्या दिवशी मला सकाळपासून कणकण होती. त्यानेच आणलेलं नवीन थर्मामीटर (सेल्सिअसचं, जुन्या आकड्यांची सवय मोडावी म्हणून) तोंडातून काढतेय तोच फोन. आई, किती आहे? मी हातातलं बघून सांगितलं, साडेअडतीस. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. थोड्याच वेळात दारात गाडी. पुढे हा, मागे सून, तिच्या मागे वायरवाला, असे तिघेही माझ्या पलंगाजवळून धावत मागे गेले. मी शाल पांघरून पडलेली, एक जण वळून बघेल तर शपथ. आतून ऐकू आलं, अरे, बावीसच आहे. मग तो बाहेर आला. माझ्या हातातलं थर्मामीटर बघितलं. बूट काढले, जवळ बसला, कपाळावर हात ठेवला. हात गारठलेला, त्या खोलीतून आलेला. मग जिन्याखालचा तुमचा पलंग काढून माझ्या खोलीत टाकला आणि ताप उतरेपर्यंत इथेच राहिला. यंत्रं बघायला उठला की जाता-येता माझं पांघरूण सारखं करायचा. पण धावला तो कपाटासाठी, हे मी विसरणार नाही.

तर अशी तुमच्या खोलीची विटंबना झाली आहे. मी बोलून बोलून थकले. तुम्ही आत्या आहात, तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. तुमच्या यजमानांना नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. यायचं रद्द करू नका. तुमचा पलंग माझ्या खोलीतच राहू दिलाय, दुपारी बोलायला सोयीचं.

आणखी एक ता. क. भाचा तुम्हाला या आठवड्यात फोन करील. मी एवढी कुरकुर केली, त्यात तो ताप, म्हणून दोघांच्या मनाने घेतलंय की आईला या यंत्रांचा त्रास होतो. कारखान्यामागचं कोठार मामंजींनी तुमच्या नावावर केलंय, ते बंदिस्त करून कपाट तिकडे हलवायचं म्हणतायत. कारखान्यातून दोन पावलांवर, म्हणजे मग संध्याकाळी इकडे फिरकायचं कारणच नाही. त्यासाठी तुमची संमती हवी आहे. वन्सं, देऊ नका. वडिलांची आठवण म्हणा, काहीही म्हणा, पण नाही म्हणा. मी कळवलं हे मात्र बोलू नका.

फारच मागे लागला तर कोठारात उंदीर आहेत म्हणून सांगा. नसले तर काय करायचं ते मी बघते.